सिंहासनाचा सातबारा

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात राजाचं सिंहासन नाही. मे महिन्यात पाहुणे आले की त्यांना राजवाडा दाखवून आणायचं काम आमच्या घरात माझ्याकडे असतं आणि हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. यंदा पुण्याहून आलेल्या भाचीने विचारला. सहावीतली पोर. जांभ्याच्या भिंती, अर्धगोल खिडक्या, खालची भाट्याची खाडी, सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "मामा, राजा होता ना तो? मग बसायचा कशावर?"

"खुर्चीवर," असं सांगून मी तेवढ्यापुरता सुटलो. खरं उत्तर लांबलचक आहे. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, राजा. त्याच्या मंडाले या राजधानीतल्या राजवाड्यातलं एक सिंहासन आज यांगॉनमध्ये, म्हणजे जुन्या रंगूनमध्ये, म्यानमारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते तिथे कसं पोचलं हे समजून घेतलं की राष्ट्रीय संग्रहालय ही काय भानगड असते, तिथल्या वस्तू कुठून येतात आणि एकदा हातची गेलेली वस्तू परत मागता येते का, हे सगळं हळूहळू उलगडतं. शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं लंडनहून 'उसनी' का आणावी लागली, तेही त्यातच येतं.

राजाची गोष्ट रत्नागिरीकरांना तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. थिबा १८७८ मध्ये ब्रह्मदेशाच्या गादीवर बसला, तेव्हा विशीतही नव्हता. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी लढाई पुकारली आणि पंधरवड्यात मंडाले घेतलं. राजा, राणी सुपायालात आणि लहान मुली यांना बोटीत बसवून आधी रंगूनला, मग मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? इथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात समुद्र बंद, घाटरस्ते खडतर आणि ब्रह्मी बोलणारं चिटपाखरू नाही. राजाला विसरायला लावायचं असेल तर याहून सोयीची जागा कोणती? आधीची चोवीस वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांतच राहिला. आज आपण बघतो तो राजवाडा १९१० चा. त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. म्हणजे या इमारतीत राज्य असं कधी झालंच नाही. सिंहासन इथे नसण्याचं पहिलं कारण हे.

आता सिंहासनाकडे येऊ. सिंहासन म्हटलं की आपल्याला पाठ, हात आणि वर छत्र असलेली मोठी खुर्ची आठवते. ब्रह्मी सिंहासन तसं नसतं. ते म्हणजे मध्ये कंबर बारीक आणि वर-खाली पसरत गेलेला, डमरूसारखा उंच चौथरा. त्याच्या पाठीला कोरीव, सोन्याचा वर्ख दिलेली दाराची चौकट. राजा मागच्या बाजूने पायऱ्या चढून यायचा, दार उघडायचं आणि खाली जमिनीवर बसलेल्या दरबाराला तो एकदम उंचावर, सोनेरी चौकटीत दिसायचा. आपल्या दशावतारात बाकड्यावर राजा येऊन बसला की बाकड्याचंच सिंहासन होतं, बाकी सगळं नटाच्या आवाजावर. मंडालेत उलटा प्रकार, राजाचा निम्मा दरारा सुतारानेच उभा केलेला.

त्या राजवाड्यात अशी आठ प्रकारची सिंहासनं होती. त्यांची मूळ नावं आपल्याला सहज कळतील अशी आहेत, कारण ती पाली-संस्कृतातून तिकडे गेली: सिंहासन, हंसासन, गजासन, शंखासन, मृगासन, मयूरासन, पद्मासन, भ्रमरासन. ब्रह्मी उच्चारात ती ओळखू येत नाहीत इतकंच. प्रत्येकाचं लाकूडही ठरलेलं. सिंहाचं शिवणीचं, शंखाचं आंब्याचं, कमळाचं फणसाचं. आमच्या परड्यात उभी असलेली झाडं ही! भाचीला हे सांगितल्यावर ती घरी येऊन फणसाकडे जरा आदराने बघायला लागली.

आठ प्रकारांपैकी सिंहाचं आसन मात्र दोन ठिकाणी होतं, एक मुख्य दरबारात आणि एक मंत्र्यांच्या सभागृहात. या दुसऱ्याचीच पुढची गोष्ट आहे.

इथे जरा थांबून संग्रहालयाची वही उघडू या. कुठल्याही संग्रहालयात वस्तू आली की आधी तिची नोंद होते. क्रमांक, तारीख, वर्णन, मोजमाप, कोणाकडून आली, कशी आली. तो क्रमांक वस्तूच्याच अंगावर, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, बारीक अक्षरात लिहितात. काचेच्या पेटीत आपण पाहतो त्याच्या कितीतरी पट वस्तू गोदामात असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे दोन लाखांच्या वर वस्तू आहेत, पण दालनं फिरताना त्यातल्या थोड्याच भेटतात. बाकीच्यांची ओळख म्हणजे ती वही.

कोकणातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ही वही म्हणजे वस्तूचा सातबारा. सातबारा आजचा मालक कोण ते सांगतो. पण जमीन त्याच्याकडे आली कशी, हे बघायचं तर फेरफार काढावे लागतात: वारसाने आली, खरेदीने आली, कुळकायद्याने आली, की कोणा काकाने भावाच्या सह्या आपणच ठोकून आणली. एकदा जुने फेरफार बाहेर पडले की गणपतीला एकत्र जेवणारी घरं दिवाळीपर्यंत बोलेनाशी होतात.

संग्रहालयातल्या पाटीवरही असंच असतं. वस्तूचं नाव, शतक, गाव, आणि खाली बारीक अक्षरात 'अमुक यांची देणगी'. देणगी खरीच असते. देणाऱ्याने कागदोपत्री दिली, संग्रहालयाने पावती केली. पण देणाऱ्याकडे ती आली कशी, हा आधीचा फेरफार पाटीवर नसतो. कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली याचा हा माग काढणं, हेच आज जगभरच्या संग्रहालयांतलं सर्वात किचकट काम होऊन बसलं आहे. माझ्या मते वस्तूच्या वयापेक्षा हा माग जास्त वाचनीय असतो.

तर आपल्या सिंहासनाचे फेरफार बघू. पहिला, १८८५. मंडाले पडलं, राजवाड्यातली संपत्ती विजेत्याच्या ताब्यात गेली. त्याला फौजी भाषेत काही सभ्य शब्द आहेत, मराठीत लूट म्हणतात. सोन्याची भांडी, रत्नजडित राजचिन्हं लंडनला गेली. राजवाड्याचं नाव बदलून व्हाइसरॉयच्या नावावर 'फोर्ट डफरिन' केलं आणि त्याच्या एका भागात साहेब लोकांचा क्लब थाटला. नगामौक नावाचा एक प्रचंड मोठा माणिक तर असा गेला की अजून सापडलेला नाही. कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याने बघायला म्हणून घेतला, असं राजघराण्याचं म्हणणं. थिबाने रत्नागिरीतून त्याबद्दल सरकारला अर्ज केले. पण स्लेडन १८९० मध्येच वारला होता. मेलेल्या माणसाला नोटीस बजावता येत नाही, हे आपल्याकडच्या वाटणीच्या दाव्यांतही नेहमीचंच.

दुसरा फेरफार कलकत्त्याचा. मंत्र्यांच्या सभागृहातलं सिंहासन तिथल्या इंडियन म्युझियममध्ये गेलं. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, तो वेगळा झाला १९३७ मध्ये. सरकारच्या हिशेबी तो माल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवल्यासारखा होता.

आणि मग दुसरं महायुद्ध. मार्च १९४५ मध्ये मंडालेसाठी जपान्यांशी लढाई झाली. ती लढणाऱ्या ब्रिटिश फौजेत हिंदी पलटणी होत्या. राजवाडा सागवानी. तोफा आणि बॉम्ब यांच्यात तो पेटला आणि आतली उरलेली सगळी सिंहासनं राख झाली. वाचलं एकच, कलकत्त्याला नेलेलं.

इथे वाद सुरू होतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. युरोपातल्या मोठ्या संग्रहालयांचं जुनं म्हणणं असतं की आम्ही नेलं म्हणून तर राहिलं. सिंहासनाच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. पण मला हा हिशेब अर्धवट वाटतो. राजवाडा जळला तो काही ब्रह्मी लोकांच्या हलगर्जीपणाने नव्हे. ज्या साम्राज्याने तो घेतला, त्याच्याच लढाईत तो जळला. शेजाऱ्याने तुमची पितळी समई उचलून नेली आणि नंतर त्याच्याच फटाक्याने तुमचं घर पेटलं, तर समई वाचवल्याबद्दल त्याला नारळ द्यायचा का? समई वाचली, आनंद आहे. आभाराचं नंतर बघू.

तिसरा फेरफार १९४८ चा. त्या वर्षी ४ जानेवारीला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि लॉर्ड माउंटबॅटन यांनी सिंहासन परत केलं. शाळेतल्या धड्यांमुळे माउंटबॅटन म्हणजे इंग्रज सरकार असं आपल्या डोक्यात बसलंय. पण तेव्हा ते स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल होते आणि वस्तू कलकत्त्याची. म्हणजे परत करणारा देश आपला होता. कोणी फारसं सांगत नाही, पण लूट परत करणाऱ्यांच्या यादीत आपण बऱ्यापैकी वर आहोत.

सिंहासन आलं, तर ठेवायचं कुठे? रंगूनमध्ये १९५२ साली राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं, तेही ज्युबिली हॉलमध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या वर्धापनाच्या सोहळ्याची आठवण म्हणून बांधलेल्या इमारतीत. जिच्या राज्यात सिंहासन गेलं तिच्याच नावाच्या छपराखाली ते परत आलं. नंतर १९७० मध्ये दुसऱ्या इमारतीत बिऱ्हाड हललं आणि १९९६ मध्ये प्याय रोडवरच्या आताच्या पाच मजली इमारतीत. पुढे सरकारने राजधानीच उचलून नेपिडॉ या नव्या शहरात नेली. तिथे दुसरं राष्ट्रीय संग्रहालयही उघडलं. सिंहासन यांगॉनमध्येच राहिलं. राजधानी हलवणं एक वेळ सोपं, वर्ख दिलेलं जुनं लाकूड हलवणं कठीण. असं लाकूड दमटपणाला जितकं भितं, त्याहून दमटपणाच्या चढउताराला भितं. हवा ओली झाली की फुगायचं, सुकली की आक्रसायचं, आणि प्रत्येक वेळी वरचा लेप थोडा थोडा सुटत जातो. जुलैत न लागणारं दार मार्चमध्ये खडखडायला लागतं, हे ज्याने बघितलंय त्याला संग्रहालयात हवा सारखी ठेवण्यावर एवढा खर्च का करतात ते विचारावं लागत नाही.

नव्या देशांना राष्ट्रीय संग्रहालयाची एवढी घाई का असते? ब्रह्मदेशाने चार वर्षांत उघडलं, आपण तर दोनच वर्षांत. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. देशभरातून जमवलेल्या त्या वस्तू परत आल्यावर दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात, मांडल्या गेल्या आणि त्यातूनच १५ ऑगस्ट १९४९ ला राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. जनपथावरची स्वतःची इमारत डिसेंबर १९६० मध्ये मिळाली. निर्वासितांची छावणी उठली नव्हती, रेशनच्या रांगा होत्या, तरी हे केलं. कारण घर वेगळं झालं की माणूस आधी देव्हारा मांडतो. आपण कालपरवा जन्मलो नाही, राज्यकर्ते येण्याच्या आधीपासून इथे होतो, हे नव्या देशाला आधी स्वतःला पटवून द्यायचं असतं. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी हे काम एखाद्या मंत्र्याच्या भाषणापेक्षा चांगलं करते.

आता लंडनला गेलेल्या सोन्याकडे वळतो, कारण त्यातच आपल्या वाघनखांचं उत्तर आहे. थिबाची राजचिन्हं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये होती. ब्रिटिश सरकारने ती १९६४ मध्ये ब्रह्मदेशाला परत दिली. उसनी नव्हे, कायमची. आणि ब्रह्मी सरकारने, इतकी वर्षं सांभाळलीत म्हणून, त्यातलं हंसाच्या आकाराचं सोन्याचं विड्याचं पात्र त्या संग्रहालयाला भेट दिलं. ते अजून लंडनमध्ये आहे. पाहुण्याला निरोपाचा विडा द्यावा तसं. फक्त इथे पाहुणा कोण नि यजमान कोण, हे ज्याने त्याने ठरवावं.

त्याच संग्रहालयातून वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली, ती मात्र तीन वर्षांच्या कराराने. तेव्हा व्हॉट्सॲपवर संताप उसळला होता: कायमची का नाही आणली? याला भावनेपेक्षा कायदा जास्त कारण आहे. १९६४ मध्ये ते संग्रहालय थेट ब्रिटिश सरकारच्या खात्याखाली होतं. सरकारने ठरवलं, देऊन टाकलं. १९८३ मध्ये तिकडे कायदा झाला आणि संग्रहालय विश्वस्त मंडळाकडे गेलं. त्या कायद्याने विश्वस्तांना, काही मोजके अपवाद सोडले तर, संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकता येत नाही. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने तसेच बांधलेले आहेत. देवस्थानच्या जमिनीसारखं आहे हे. पुजारी चांगला, ट्रस्टी चांगले, पण विकायचा किंवा देऊन टाकायचा अधिकारच नाही. मग उरतो करार. आपल्याकडे हापूसची बाग कराराने देतात, तसा. तीन हंगाम आंबे तुमचे, कलमं मालकाची.

वाघनखांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. ती ग्रँट डफ या साताऱ्याच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या घराण्याकडून आली, एवढं वहीत आहे. त्याच्या आधीचा पक्का फेरफार नाही. अफझलखानाच्या वेळची हीच का, हे संग्रहालय स्वतःही छातीठोकपणे सांगत नाही. त्यामुळे श्रद्धा कमी होत नाही. पण परत मागायला जाताना मागचे कागद लागतात, आणि लुटीची पावती कोणी करत नाही.

यावर आंतरराष्ट्रीय कायदा नाही का? आहे. युनेस्कोचा १९७० चा करार चोरून नेलेल्या सांस्कृतिक वस्तू परत करायला सांगतो. फक्त तो मागच्या तारखेपासून लागू होत नाही. देवळातली मूर्ती १९९० मध्ये चोरीला गेली तर त्याचा आधार आहे, १८८५ ला नाही. म्हणून साम्राज्यांच्या काळातल्या वस्तू परत येतात त्या कोर्टाच्या हुकमाने क्वचितच. त्या मैत्रीने, शरमेने, किंवा सरळ पैसे मोजून येतात. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावात बोली लावूनच घेतली.

जाता जाता आपल्या अंगणापुरतं. पाया खणताना जुनी नाणी लागली तर १८७८ चा कायदा अजून जिवंत आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची मूर्ती, चित्र यांसारखी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. असा पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचा तांब्याचा हंडा अमेरिकेतल्या नातवाला पाठवायच्या आधी त्याचं वय विचारलेलं बरं.

हे सगळं भाचीला राजवाड्यात सांगितलं नाही अर्थातच. निम्मं सांगितलं, तेही रत्नागिरीतल्याच शिवाजीनगरला थिबाच्या समाधीपाशी बसून. इथे पर्यटक कमी येतात. राजा वारल्यावर त्याचा देह मायदेशी नेऊ द्या, अशी कुटुंबाची मागणी होती. इंग्रजांना भीती, की त्यावरून तिकडे उठाव होईल. शेवटी १९१९ मध्ये त्याला इथेच ठेवलं आणि राणी रंगूनला गेली. १९२५ मध्ये ती वारली, तिची समाधी तिकडे श्वेडगॉन पॅगोडाच्या पायथ्याशी. थोरली राजकन्या शेवटी रत्नागिरीतच राहिली. तिचा वंश इथलाच झाला, मराठी बोलणारा. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीपाशी येऊन गेले.

आणि त्याच रंगूनमध्ये आपला बादशहा आहे. बहादूरशहा जफर १८६२ मध्ये तिथे कैदेत वारला, इंग्रजांनी कबरीची खूण राहणार नाही अशा बेताने पुरला. १९९१ मध्ये गटार खणताना विटांची कबर लागली, तेव्हा नेमकी जागा कळली.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचं सिंहासन आपण परत दिलं, पण राजा ठेवला?"

"ठेवला म्हणजे... राहिला."

"आणि आपला बादशहा त्यांच्याकडे. मग हे पण कराराने आहे का, मामा? किती वर्षांचं?"

करार झालेला नाही, एवढं सांगून मी रिक्षाला हात केला.